जुनी मोटार आणि तिचा गिअरबॉक्स : दुरुस्ती आधी, बदल नंतर

मारुती ८०० ही छोटी मोटार डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. तथापि तालुक्याच्या गावी शिक्षक, शेतकरी आणि लहान व्यापारी यांच्या दारात ती अद्यापही उभी दिसते. ७९६ घनसेंटिमीटरचे तीन सिलिंडरांचे इंजिन, हलके वजन आणि साधी रचना यांमुळे वापरलेली मोटार घेणाऱ्यांना ती परवडते. मात्र मोटार दारी आली की नवे टायर, रुंद चाके, रंगरंगोटी यांवर प्रथम खर्च होतो आणि गिअरबॉक्सची कुरकुर दुर्लक्षित राहते. पुढे घाटात तोच गिअर निसटला, तर प्रश्न केवळ पैशांचा उरत नाही.

दोष कोठे आहे?

गिअर नीट पडत नाही म्हणजे गिअरबॉक्स खराब झाला, असा समज सर्वत्र आढळतो. तो पुष्कळदा चुकीचा असतो. या मोटारीत क्लच तारेने, म्हणजे केबलने चालतो. केबल ताणली गेली की पेडल पूर्ण दाबूनही क्लच पुरता सुटत नाही. याची परीक्षा सोपी आहे. इंजिन बंद असताना सर्व गिअर सहज पडतात, पण इंजिन चालू असताना अडतात किंवा खरखरतात, असे असल्यास दोष बहुधा क्लचचा असतो. इंजिन बंद असतानाही गिअर अडत असतील, तर दांड्यांची जोडणी अथवा गिअरबॉक्सचा अंतर्भाग तपासावा लागेल.

अन्य लक्षणेही बोलकी असतात. चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, तेव्हा क्लचप्लेट झिजून घसरत असते. पेडल दाबताच आवाज येत असेल, तर रिलीज बेअरिंगचा संशय घ्यावा. उलट न्यूट्रलमध्ये येणारी घरघर पेडल दाबताच थांबत असेल, तर गिअरबॉक्सच्या आतील बेअरिंग झिजलेले असण्याचा संभव असतो. एकाच गिअरला खरखर होत असेल, तर त्या गिअरचा सिंक्रोनायझर झिजला असे समजावे. उतारावर गिअर आपोआप निसटणे हे सर्वांत गंभीर लक्षण होय. घाट उतरताना गाडी आवरण्याचे निम्मे काम खालचा गिअर करतो. तो निसटला की सारा भार ब्रेकवर येतो आणि ब्रेक तापून निकामी होण्याचा धोका निर्माण होतो. असे वाहन दुरुस्तीवाचून घाटात नेऊ नये.

खर्चाचा क्रम

दुरुस्ती नेहमी स्वस्ताकडून महागाकडे न्यावी. प्रथम क्लचची केबल तपासून जुळवावी, आवश्यक तर बदलावी. नंतर इंजिन व गिअरबॉक्स ज्या रबरी आधारांवर बसवलेले असतात ते माउंटिंग पाहावे; ते फाटल्यानेही गिअर निसटू शकतो. तिसरी पायरी गिअर ऑइलची. ऑइल काढताना त्यात बारीक धातुचूर्ण आढळणे स्वाभाविक आहे. दात्यांचे तुकडे आढळल्यास मात्र गिअरबॉक्स उघडणे अटळ असते. पुस्तिकेत सांगितलेल्या दर्जाचेच ऑइल भरावे. जीएल-४ सांगितले असता जीएल-५ अधिक चांगले असेल अशा समजुतीने ते घालू नये. त्यातील काही रासायनिक घटक पितळी सिंक्रोनायझरला अपायकारक ठरू शकतात. गिअरबॉक्स उतरवण्याची वेळ आलीच, तर क्लचप्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि ऑइल सील यांची त्याच वेळी तपासणी करून झिजलेले भाग बदलावेत. उतरवण्याची मजुरी दुसऱ्यांदा देण्यापेक्षा हे हितावह असते.

मोटार विकत घेताना ती इंजिन थंड असतानाच चालवून पाहावी. दाट ऑइल भरून आवाज दडपण्याची क्लृप्ती काही विक्रेते योजतात, हेही ध्यानात असू द्यावे.

बदल करण्यापूर्वी

मूळ मापापेक्षा मोठे टायर लावल्यास गाडी जागेवरून हलवण्यास अधिक जोर लागतो, क्लच लवकर झिजतो आणि वेगदर्शकही प्रत्यक्षापेक्षा कमी वेग दाखवतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हा दंडक अधोरेखित केला. इंजिन बदलावयाचे झाल्यास नोंदणी प्राधिकाऱ्याची पूर्वपरवानगी घ्यावी. सीएनजी संच मान्यताप्राप्तच असावा, त्याची नोंद प्रमाणपत्रात करून घ्यावी आणि सिलिंडरची चाचणी दर तीन वर्षांनी करावी.

खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते व तपासणीनंतर पाच वर्षांसाठी नूतनीकृत होते. मोठी दुरुस्ती हाती घेण्यापूर्वी ही मुदत अवश्य पाहावी. शासकीय वाहनांची गोष्ट निराळी आहे. १ एप्रिल २०२३ पासून शासन, नगरपालिका व पंचायती यांच्या मालकीच्या पंधरा वर्षांवरील वाहनांची नोंदणी नूतनीकृत होत नाही. चौदाव्या वर्षी अशा वाहनाच्या गिअरबॉक्सवर मोठा खर्च मंजूर करण्यापूर्वी संबंधितांनी याचा विचार करणे आवश्यक आहे.

चालकाची सवय

उत्तम दुरुस्तीही वाईट सवयीपुढे टिकत नाही. क्लचवर पाय ठेवून गाडी चालवू नये, चढावर अर्धवट क्लचने गाडी तोलून धरू नये, हातब्रेक वापरावा. उलटा गिअर गाडी पूर्ण थांबल्यावरच टाकावा. गाडी चालताना हात गिअरच्या दांडीवर विसावू नये. या चार गोष्टींना एक पैसाही लागत नाही. त्या कटाक्षाने पाळल्या आणि सजावटीपूर्वी दुरुस्तीला अग्रक्रम दिला, तर जुनी मोटार कुटुंबाला ओझे न वाटता आणखी काही वर्षे भरवशाची सोबत करील.