हंस कोणाचा?
(पैनगंगेकाठच्या विद्यार्थ्यांसाठी एक पाठ)

सातवीतल्या एका मुलाने एकदा मला विचारले, "सर, सिद्धार्थ गौतमाने वाचवलेला हंस आपल्या नदीवर येतो का?" मी घाईत होतो. "नाही रे, ते हंस आता कुठले!" असे म्हणून मोकळा झालो. नंतर पुस्तके चाळली तेव्हा कळले की माझे उत्तर अर्धे चूक होते. ती चूक दुरुस्त करावी म्हणून हा लेख.

कॅलेंडरवर कमळांच्या तळ्यात दिसणारा, नारिंगी चोचीचा व लांब वाकड्या मानेचा पांढराशुभ्र हंस हा मुळात थंड प्रदेशातला पक्षी. भारतात तो क्वचितच, आणि तोही वायव्येकडे किंवा हिमालयाच्या पायथ्याशी भरकटून आलेला आढळतो. महाराष्ट्रातील नदीवर त्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. तो दूध आणि पाणी वेगळे करतो ही तर कवींची कल्पना. पण आपल्या जुन्या वाङ्मयातील 'हंस' म्हणजे हाच पक्षी असे समजण्याचे कारण नाही. थंडीत उत्तरेकडून थव्याने येणारा आणि उन्हाळ्याआधी परत जाणारा हंस म्हणजे बहुधा पट्टकदंब असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. काही जण त्याला राजहंस असेही म्हणतात. रंग राखी, डोके पांढरे, आणि डोक्याच्या मागील बाजूस दोन काळे आडवे पट्टे. एवढी खूण लक्षात ठेवली की दुसऱ्या पक्ष्याशी गल्लत होत नाही.

या पक्ष्याची वीण मंगोलिया, तिबेट, किरगिझस्तान आणि आपल्या लडाखमधील सरोवरांच्या काठी होते. हिवाळ्यात तो हिमालय ओलांडून भारतात उतरतो. अंगावर यंत्र बसवलेला एक पट्टकदंब सुमारे ७३०० मीटर उंचीवरून उडाल्याची नोंद शास्त्रज्ञांनी केली आहे. त्या उंचीवर माणसाला चार पावले चालताना धाप लागते. मंगोलियात गळ्यात खुणेची पट्टी घातलेले पट्टकदंब भारतातल्या तलावांवर पाहिले गेले आहेत. महाराष्ट्रात नांदूर मधमेश्वर, जायकवाडी, उजनी अशा जलाशयांवर आणि विदर्भातील काही तलावांवर ते येतात. तेव्हा त्या मुलाच्या प्रश्नाचे बरोबर उत्तर असे: वाट पाहण्यासारखा आहे, आणि वाट पाहायची तर आधी पाहायला शिकले पाहिजे.

आता आपल्या नदीकडे वळू. पैनगंगा आपल्याच जिल्ह्यात अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावते, देऊळघाटावरून पुढे येळगावच्या धरणात जाते, आणि तेच पाणी बुलढाणा शहर पिते. पुढे ती वर्धा नदीला मिळते आणि प्राणहिता-गोदावरीच्या वाटेने बंगालच्या उपसागराला जाते. घाटाखाली उतरणाऱ्या नळगंगा व ज्ञानगंगा मात्र पूर्णा-तापीमार्गे अरबी समुद्राकडे जातात. म्हणजे आपण दोन समुद्रांच्या पाणलोटाच्या माथ्यावर राहतो! नदी इथे लहान आहे, उन्हाळ्यात तर नुसते डोह उरतात. पण पक्ष्याला मोठी नदी लागत नाही. त्याला उथळ पाणी, चिखल, थोडे गवत आणि शांतता लागते.

अशा पाण्यावर आपल्या भागात कोण भेटतात? बाराही महिने दिसणारे हळदी-कुंकू बदक घ्या. चोचीचे टोक पिवळे व मुळाशी लाल ठिपके, म्हणून हे नाव. ज्या कोणी बाईने ते दिले असेल तिची नजर पक्षीशास्त्रज्ञाची होती. शीळ घालत उडणारी अडई, पाण्यात बुडी मारून भलतीकडेच वर येणारी टिबुकली, पंख पसरून वाळवत बसणारा पाणकावळा, खंड्या, ढोकरी, बगळे, शेकाट्या ही मंडळी ओळखायला सोपी. सर्वांग काळे आणि कपाळावर पांढरा टिळा असलेल्या पाणपक्ष्याला लोकांनी वारकरी म्हटले आहे. हिवाळी पाहुण्यांत नारिंगी-तपकिरी रंगाचा चक्रवाक, फावड्यासारख्या चोचीचा थापट्या आणि लांब टोकदार शेपटीचे तलवार बदक. धोबी तर दसरा-दिवाळीच्या सुमारास अंगणापर्यंत येतो.

या पक्ष्यांचा आणि आपल्या इतिहासाचा संबंध जुना आहे. देवदत्ताने बाणाने पाडलेला पक्षी सिद्धार्थाने उचलला, त्याची शुश्रूषा केली, आणि तो कोणाचा यावर वाद झाला ही कथा सर्वांना ठाऊक आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' (१९५७) या ग्रंथात ती घेतली आहे. तेथे वाद लवादापुढे जातो आणि निकाल सिद्धार्थाच्या बाजूने लागतो. पक्षी मारणाऱ्याचा नव्हे, वाचवणाऱ्याचा.

दुसरी कथा तितकी सांगितली जात नाही. ती महाहंस जातकात आहे, आणि हंस जातकाचे चित्र अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात आहे, म्हणजे आपली नदी निघते त्याच डोंगररांगेत. राणीला सोनेरी हंस हवा असतो. राजा सुंदर तळे बांधतो, त्यात कमळे लावतो, आणि येथे पक्ष्यांना अभय आहे अशी दवंडी पिटवतो. राखणदार म्हणून एक पारधी नेमतो. अभयाची बातमी ऐकून हंस उतरतात, आणि राखणदारानेच लावलेल्या फासात हंसराजाचा पाय अडकतो. सगळा थवा उडून जातो. एकटा सेनापती सुमुख मात्र राजाजवळ थांबतो. ते पाहून पारध्याचे मन पालटते व तो फास सोडतो.

या कथेचा आपण नेहमी मैत्रीसाठी उपयोग करतो. माझे लक्ष मात्र त्या तळ्याकडे जाते. तळे होते, कमळे होती, राजाची दवंडी होती, पगारी राखणदारही होता. तरी फास लागलाच. अभय जाहीर करणे आणि राखण करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इतक्या जुन्या काळी कोणीतरी ओळखले होते.

सम्राट अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात, राज्याभिषेकाला २६ वर्षे झाल्यावर, ज्यांना मारू नये अशा प्राण्यांची यादी कोरलेली आहे. तीत पोपट व साळुंकी यांच्याबरोबर चक्रवाक आणि हंस यांची नावे आहेत. त्याच लेखात जीवजंतू असलेला भुसा जाळू नये, अशीही आज्ञा आहे. धसकटे पेटवणाऱ्या आपल्या शेतकरी बांधवांनी ती जरूर वाचावी.

आजची दवंडी म्हणजे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२. पूर्वी परवाना घेऊन बदकांची शिकार करता येत असे. १९९१ च्या दुरुस्तीने ती वाट बंद झाली. या कायद्यात 'शिकार' म्हणजे केवळ ठार मारणे नव्हे; पकडणे, फास लावणे, अंडी फोडणे किंवा घरट्याला धक्का लावणे हेही त्यात येते. २०२० मध्ये नांदूर मधमेश्वर आणि आपल्या जिल्ह्यातील लोणार सरोवर यांना आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत स्थान मिळाले. आनंदाची गोष्ट आहे. पण बदक पाटी वाचून उतरत नाही. ते गावाच्या डोहावरही उतरते, आणि तिथे वनरक्षक रोज येऊ शकत नाही.

आणि बाणही आता बदलले आहेत. पाण्यात टाकून दिलेले नायलॉनचे जाळे दिसत नाही, पण टिबुकली त्यात बुडून मरते. पतंगाचा नायलॉन मांजा बाभळीवर महिनोन्‌महिने लटकतो. काही ठिकाणी मासे मारायला ब्लिचिंग पावडर किंवा विजेचा करंट वापरतात, त्यात मासे, बेडूक, पक्षी असा भेद राहत नाही. टिटवी आणि नदी सुरय उन्हाळ्यात उघड्या वाळू-गोट्यांवर अंडी घालतात. अंडी खड्यांसारखीच दिसतात, म्हणून वाळू भरणाऱ्या ट्रॅक्टरच्या चाकाखाली जातात आणि चालकाला पत्ताही लागत नाही. सांडपाणी आणि प्लॅस्टिक यांबद्दल काय लिहावे! आपल्या काठावर टाकलेली घाण येळगावच्या पाण्याकडेच निघते, इतके सांगितले तरी पुरे.

एका ठिकाणी थोडे सांभाळून बोलले पाहिजे. पट्टकदंब व काही बदके गहू-हरभऱ्याचे कोवळे पीक खातात. शेतकरी तक्रार करीत असेल तर त्याला निर्दय ठरवून चालणार नाही. रात्रभर मोटारीचे पाणी देऊन वाढवलेले पीक ते. त्याने डबा वाजवून थवा उठवला तर काही बिघडत नाही. विष घातले तर बिघडते. हा फरक त्याच्याशी बांधावर बसूनच बोलावा, भाषणातून नव्हे.

आता माझी कबुली. मी वर्षानुवर्षे सायकलवरून ही नदी ओलांडली, हिवाळ्यात बदके पाहिली, आणि एक ओळही लिहून ठेवली नाही. आज कोणी विचारले की वीस वर्षांपूर्वी इथे किती अडई होत्या, तर "पुष्कळ होत्या" याखेरीज मला काही सांगता येत नाही. 'पुष्कळ' हा आकडा नव्हे. नदीचा डोह बुजला, पक्षी कमी झाले, असे कार्यालयात जाऊन सांगायचे तर आधीचा आकडा लागतो. तो माझ्याकडे असायला हवा होता.

पाणपक्ष्यांची आशियाई गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते आणि त्यात सामान्य माणसेच मोजणी करतात. मोजायचे कसे? जागा एकच ठरवा, वेळ एकच ठरवा. सकाळी सूर्य पाठीशी असलेली बरी. थवा मोठा असेल तर आधी दहा पक्षी मोजा, दहाचा पुंजका केवढा दिसतो ते नजरेत भरा, मग पुंजके मोजा. नाव ठाऊक नसेल तर खोटे नाव लिहू नका. आकार, चोच, पाय, उडताना पंखावर दिसणारा रंग आणि आवाज लिहा. काहीच दिसले नाही तर 'शून्य' लिहा. शून्य ही नोंद आहे, कोरी जागा ही नोंद नाही. पक्ष्यांनी माना ताठ केल्या की तिथेच थांबा. तुम्ही जास्त जवळ गेला आहात. पाव, शेव टाकू नका. घरट्याचा फोटो काढण्यासाठी गर्दी करू नका, कावळा तुमच्या मागोमाग येतो.

मेलेला पक्षी उघड्या हाताने उचलू नये. २००६ मध्ये भारतातील पहिला बर्ड फ्लू आपल्याच राज्यातील नवापूरच्या कोंबड्यांत आढळला. २०१९ मध्ये राजस्थानच्या सांभर सरोवरावर बोट्युलिझम या विषबाधेने हजारो स्थलांतरित पक्षी मेले. मेलेल्या पक्ष्यांवरील अळ्या खाऊन आणखी पक्षी मरत गेले. म्हणून एकाच जागी दोन-चार पक्षी मेलेले दिसले तर त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यास व वन विभागास कळवावे. जखमी पक्षी असेल तर तोंडावर कापड टाकून, हवा जाईल अशा खोक्यात, अंधारात ठेवावा आणि पोचवावा. पाणी बळेच पाजू नये. सिद्धार्थाची गोष्ट आठवून तो घरी पाळण्याचा मोह होईल. कायदा तशी परवानगी देत नाही.

हे सारे गावकऱ्यांना जमते का? गोंदिया जिल्ह्यात सारस क्रौंच नामशेष होण्याच्या काठावर होता. तिथले शेतकरी, तरुण आणि वन विभाग यांनी धानाच्या बांध्यांतील घरटी राखली, आणि दर जूनमध्ये गणना सुरू ठेवली. पक्षी हळूहळू वाढले. तिथेही संकटे संपलेली नाहीत, पण कोणत्या गावच्या बांधीत कोणती जोडी आहे हे तिथल्या माणसांना ठाऊक असते.

महाराष्ट्र शासनाने २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह ठरवला आहे. ५ तारीख मारुती चितमपल्लींचा आणि १२ तारीख डॉ. सलीम अली यांचा जन्मदिन. सलीम अलींनी लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावरचा पिवळा ठिपका पाहून ती कोणती हे विचारायला मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले, आणि तिथून त्यांचे आयुष्य बदलले. आपणही या सप्ताहातच आरंभ करावा. दोनशे पानी वही पुरेल. दर रविवारी सकाळी सात वाजता दोन विद्यार्थ्यांनी नदीवर जावे, एकाने मोजावे, दुसऱ्याने लिहावे. तारीख, वेळ, पाणी किती, पक्षी कोणते व किती, आणि खाली दोघांच्या सह्या. वही विहारातील कपाटात ठेवावी, कोणी घरी नेऊ नये. परीक्षेच्या दिवसांत मुले येणार नाहीत, तेव्हा मोठ्यांनी जावे. मार्चमधल्या रविवारांसाठी माझे नाव आताच लिहून ठेवले आहे.