घडाला कागद, तरी साखर कशी भरते?

सख्यांनो, डिसेंबर-जानेवारीत गंगापूर रोडने गोवर्धन, गिरणारेच्या बाजूला गेलं की द्राक्षबागांमध्ये बायका घडांना वर्तमानपत्राचे कागद गुंडाळताना दिसतात. आपल्या गटांतल्या कितीतरी जणी या कामाला जातात. रात्रीची कडक थंडी आणि दुपारचं ऊन यांतल्या फरकाने हिरव्या मण्यांवर गुलाबी छटा येते, त्याला सगळे 'पिंक बेरी' म्हणतात. असा माल निर्यातीला चालत नाही, म्हणून हा कागद. पण घडावर ऊनच पडलं नाही तर तो गोड कसा होणार, हा प्रश्न बैठकीत हमखास निघतो.

याचं उत्तर पानात आहे. मण्यातली साखर मणी स्वतः तयार करत नाही म्हटलं तरी चालेल. कोवळा हिरवा मणी थोडंफार अन्न बनवतो, पण ते त्यालाच पुरत नाही. साखर बनते पानात आणि तिथून घडात येते. म्हणून घड झाकला तरी चालतो, पान झाकलं तर चालत नाही.

आता पानात काय होतं ते पाहू. पान असंख्य बारीक पेशींचं बनलेलं असतं. एकेका पेशीत हिरवे, चपटे दाणे असतात, त्यांना हरितलवक म्हणतात. त्यांच्यात हरितद्रव्य असतं. हे हरितद्रव्य उन्हातला लाल आणि निळा प्रकाश जास्त शोषतं, हिरवा त्यामानाने परत टाकतं, म्हणून पान आपल्याला हिरवं दिसतं.

हरितलवकाला कच्चा माल दोनच गोष्टींचा लागतो. एक पाणी, ते मुळातून येतं. दुसरा कार्बन डायऑक्साइड वायू, तो हवेतून येतो. हवेत हा वायू फार थोडा, दहा हजार भागांत चारच भाग. तो आत घ्यायला पानाला, द्राक्षाच्या बाबतीत पानाच्या खालच्या अंगाला, बारीक तोंडं असतात. ती पर्णरंध्रं.

काम दोन टप्प्यांत चालतं. पहिल्या टप्प्यात प्रकाशाच्या जोरावर पाणी फुटतं. त्यातला ऑक्सिजन बाहेर पडतो, तोच आपण श्वासात घेतो. पुष्कळांना वाटतं की हा ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइडमधून सुटतो, पण तो येतो पाण्यातून. या टप्प्यात उन्हाची शक्ती पेशीत साठवून घेतली जाते. दुसऱ्या टप्प्यात ती शक्ती खर्च करून कार्बन डायऑक्साइडपासून साखर जोडली जाते. या टप्प्याला ऊन थेट लागत नाही, पण पहिल्या टप्प्याची कमाई लागते, त्यामुळे ऊन गेलं की थोड्याच वेळात तोही थांबतो. ही साखळी शोधून काढल्याबद्दल मेल्विन कॅल्विन या शास्त्रज्ञाला 1961 साली नोबेल मिळालं.

दिवसभरात जास्तीची झालेली साखर पान स्टार्चच्या रूपात तिथेच साठवतं. रात्री तो स्टार्च मोडून पुन्हा साखर होते आणि सालीखालच्या नळ्यांमधून जिथे गरज असेल तिथे जाते. शेंडा, मूळ, काडी, घड, सगळे मागणीदार. ज्याची ओढ जास्त त्याला जास्त. आपल्या अंतर्गत कर्जवाटपासारखंच, फक्त इथे ठराव लिहावा लागत नाही!

बागेत खोडाची साल गोल कापून बारीक पट्टी काढतात, ते गर्डलिंग तुम्ही पाहिलं असेल. झाडाला जखम का करायची, असं पहिल्यांदा पाहणारीला वाटतं. साखर नेणाऱ्या नळ्या सालीत असतात आणि पाणी वर नेणाऱ्या नळ्या आतल्या लाकडात. साल कापली की साखरेची मुळाकडे जाणारी वाट काही दिवस बंद होते, ती वरच घडांकडे वळते, मणी फुगतो. पाणी मात्र चढत राहतं. चाकू लाकडात खोल गेला तर पाण्याची वाटही तुटते, म्हणून हे काम सरावाच्या हातानेच करायचं.

आता आपल्या रोजच्या कामाची गोष्ट. गोडी छाटणीनंतर फेलफूट काढणं, शेंडा मारणं, घडाजवळची पानं काढणं ही कामं बहुतेक बायकांच्याच हातून होतात, बऱ्याचदा उक्ती. उक्त्यात हात भराभर चालतो आणि "मोकळं करा, मोकळं करा" असं मागून कोणी म्हणत असतं. मोकळं करायलाच हवं, कारण दाटीत हवा खेळत नाही, भुरी आणि डाऊनी वाढते, फवारणी आत पोचत नाही. पण किती मोकळं? एका चांगल्या घडाला पोसायला काडीवर साधारण पंधरा-सोळा निरोगी पानं लागतात, असा आपल्याकडच्या बागांतला हिशेब आहे. शेंडा फार लवकर मारला किंवा पानं ओरबाडली तर घड दिसायला मोकळा राहतो, पण काढणीच्या वेळी साखर भरत नाही. निर्यातीला 16 ते 18 ब्रिक्स साखर पाहतात. ती भरली नाही की माल थांबतो आणि आपली मजुरीही पुढे जाते. माझं मत विचाराल तर उक्तं काम ठरवतानाच काडीवर किती पानं ठेवायची हे बागवाल्याकडून स्पष्ट बोलून घ्यावं. तोंडी सांगितलेलं नंतर कोणाच्या लक्षात राहत नाही, गटाच्या वहीत लिहून ठेवा.

कोणतं पान काढायचं हेही समजून घ्या. आतलं, सावलीतलं, पिवळं पडलेलं पान कमावत नाही, ते गेलं तर नुकसान नाही. कोवळं पान आधी खाणारं असतं. पूर्ण आकाराच्या निम्म्याजवळ येईपर्यंत ते दुसऱ्या पानांच्या साखरेवर वाढतं, मग कमवायला लागतं. खरी कमाई पूर्ण वाढलेल्या, उन्हातल्या, गर्द हिरव्या पानाची. घडावर दुपारच्या पश्चिमेच्या उन्हाची सावली धरणारं पानही राहू द्यावं, नाहीतर मणी भाजतात.

एप्रिलच्या खरड छाटणीनंतरही हाच विचार. तेव्हा घड नसतो, पण पुढच्या हंगामाचा घड काडीच्या डोळ्यात त्याच काळात, छाटणीनंतर दीड-दोन महिन्यांत, सूक्ष्म रूपात ठरत असतो. डोळ्यावर उजेड पडला पाहिजे आणि काडीत अन्न साठलं पाहिजे. त्या दिवसांत फूट दाटली किंवा ढगाळ हवा लांबली तर ऑक्टोबरात काड्या वांझ निघतात.

परसबागेसाठीही यातून घेण्यासारखं आहे. कार्बन डायऑक्साइड घ्यायला तोंडं उघडली की त्याच तोंडांतून पाणी उडून जातं. मुळाने ओढलेल्या पाण्यातलं फार थोडं साखरेच्या कामी येतं, बाकी सगळं वाफ होऊन जातं. म्हणून उन्हाळ्यात दुपारी पाणी कमी पडलं की झाड तोंडं मिटून घेतं, आणि तेवढा वेळ साखर बनणंही मंदावतं. पाणी सकाळी द्या. रस्त्याकडेच्या वाफ्यातली पानं धुळीने माखलेली असतील तर हलक्या फवाऱ्याने धुवा. रोपवाटिका करणाऱ्या गटांनी शेडनेट फार गडद घेऊ नये, रोपं उजेडाच्या शोधात लांबुडकी आणि लुळी होतात. आणि जुनी पानं शिरांच्या मधोमध पिवळी पडत असतील तर मॅग्नेशियम कमी असू शकतं, कारण हरितद्रव्याच्या मधोमध मॅग्नेशियमच बसलेलं असतं. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोहाकडे बघा, चुनखडीच्या जमिनीत हे फार दिसतं. दोन्ही वेळी आधी माती तपासून घ्या, मगच दुकानात जा.

पान खरंच अन्न साठवतं का, हे घरी बघता येतं. घेवड्याच्या किंवा जास्वंदीच्या एका पानाला मधोमध काळ्या कागदाची पट्टी दोन्ही बाजूंनी क्लिपने लावा. दोन दिवस तशीच राहू द्या. तिसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास पान तोडा आणि उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवा. मग गॅस पूर्ण बंद करून, वाटीत मेडिकलमधलं स्पिरिट घेऊन ती वाटी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवा आणि पान त्यात टाका. स्पिरिट पेट घेतं, तेव्हा जवळपास चूल, दिवा, काडेपेटी काही नको आणि मुलांना लांब ठेवा. पान फिकट झालं की पाण्यात धुवून ताटलीत पसरा आणि वर आयोडीनचे थेंब टाका. ऊन लागलेला भाग निळा-काळा होईल, पट्टीखालचा पिवळट-तपकिरीच राहील. ते पान वाळवून वहीत चिकटवा आणि पुढच्या मासिक बैठकीला घेऊन या.