संगणकाच्या रॅमची निवड आणि जुळणी

तापीकाठचे सुरत शहर खानदेशाला परके नाही. भुसावळ-सुरत रेल्वेमार्गाने जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांतील असंख्य कुटुंबे रोजगारासाठी तेथे गेली आणि उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत स्थायिक झाली. सुरत महानगरपालिका मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळाही चालविते. या कुटुंबांतील अनेकांचा चरितार्थ कापडधंद्यावर अवलंबून आहे. साडीवरील नक्षी पूर्वी कागदावर हाताने रेखाटली जात असे. आता ती बहुतांशी संगणकावर तयार होते. त्यामुळे संगणक मंदावला की कारागिराची मजुरीही मंदावते.

अशा वेळी "रॅम वाढवा" हा सल्ला सर्रास दिला जातो. सल्ला पुष्कळदा योग्य असतो. परंतु बाजारात दिसेल ती रॅम कोणत्याही संगणकाला चालत नाही. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांकडून मागणी वाढल्याने रॅमचे भाव जगभर झपाट्याने चढले. चुकीच्या खरेदीचा फटका त्यामुळे अधिकच जाणवतो. कारागीर, शाळा आणि ग्रामपंचायत या तिघांनाही उपयोगी पडेल, अशी या विषयाची माहिती येथे दिली आहे.

रॅमचे कार्य

कार्यालयात दप्तराचे कपाट असते आणि काम करण्याचे टेबल असते. कपाटात कागदपत्रे कायम राहतात, टेबलावर मात्र हातातील कामापुरतीच येतात. संगणकाची डिस्क म्हणजे कपाट आणि रॅम म्हणजे टेबल होय. टेबल लहान असेल, तर दर क्षणी कपाटाकडे उठून जावे लागते. संगणक रेंगाळतो, त्याचे हे एक प्रमुख कारण आहे.

आजच्या रॅमचे मूळ तत्त्व अमेरिकेतील आयबीएम कंपनीचे अभियंते रॉबर्ट डेनार्ड यांनी शोधले. त्याचे पेटंट त्यांना १९६८ मध्ये मिळाले. एक ट्रान्झिस्टर आणि विद्युतभार साठविणारा एक सूक्ष्म कपॅसिटर यांच्या जोडीत माहितीचा एक कण राहतो. हा भार सतत गळत असल्याने तो सेकंदाला अनेक वेळा पुन्हा भरावा लागतो. वीज जाताच जतन न केलेले काम नाहीसे होते, ते यामुळेच.

किती रॅम हवी?

साडेपाच मीटर लांब व १.१ मीटर रुंद अशा संपूर्ण साडीचे चित्र इंचाला ३०० ठिपके या प्रमाणात काढले, तर सुमारे ८४ कोटी ठिपके होतात. छपाईच्या चार रंगांसाठी प्रत्येक ठिपक्याला चार बाइट लागतात. म्हणजे नक्षीच्या एकाच थराला सुमारे ३.४ जीबी जागा हवी. काठ, पदर आणि बुट्टी यांचे थर वेगळे ठेवले की ही गरज दुप्पट-तिप्पट होते. अशा कामासाठी ८ जीबी रॅम अपुरी पडते. ३२ जीबी रास्त ठरते. याउलट पत्रव्यवहार, दाखले व हिशेब यांसाठी ८ ते १६ जीबी पुरेशी असते. ग्रामपंचायतीने साडीच्या नक्षीकाराइतकी रॅम घेण्याचे कारण नाही. प्रथम गरज ठरवावी आणि मग दुकानात जावे.

पिढी ओळखणे

डेस्कटॉपची रॅम हिरव्या अथवा काळ्या पट्टीच्या रूपात येते व मदरबोर्डवरील खाचेत बसते. तिच्या पिढ्या आहेत. डीडीआर-३ चे प्रमाण २००७ मध्ये, डीडीआर-४ चे २०१२ मध्ये आणि डीडीआर-५ चे २०२० मध्ये जाहीर झाले. त्यांना अनुक्रमे १.५, १.२ आणि १.१ व्होल्ट दाब लागतो. डीडीआर-३ ला २४० टोके असतात, तर पुढील दोन्ही पिढ्यांना २८८. टोके सारखी असली तरी पट्टीच्या कडेवरील कापाची जागा निराळी ठेवलेली असते. म्हणून एका पिढीची पट्टी दुसऱ्या पिढीच्या खाचेत बसत नाही. ती बळाने बसविण्याचा प्रयत्न कदापि करू नये.

काही प्रोसेसर डीडीआर-४ व डीडीआर-५ या दोहोंना चालतात. २०२१ मधील इंटेलचे बाराव्या पिढीचे प्रोसेसर या प्रकारचे आहेत. तथापि मदरबोर्ड सामान्यतः यांपैकी एकाच पिढीसाठी बनविलेला असतो. अंतिम निर्णय मदरबोर्डवरून करावा. त्याचे नाव व क्रमांक टिपून घ्यावा आणि निर्मात्याने प्रसिद्ध केलेल्या तपासलेल्या रॅमच्या यादीशी ताडून पाहावा.

जुन्या बाजारात सर्व्हरमधून काढलेल्या पट्ट्या स्वस्तात मिळतात. दिसायला त्या तशाच असल्या, तरी 'रजिस्टर्ड' प्रकारच्या या पट्ट्या साध्या डेस्कटॉपमध्ये चालत नाहीत. स्वस्ताईचा हा मोह टाळावा.

वेग आणि विलंब

पट्टीवर ३२०० किंवा ६००० असा आकडा असतो. एका सेकंदात किती दशलक्ष वेळा माहितीची ने-आण होते, ते तो सांगतो. प्रत्येक वेळी ८ बाइट जातात, म्हणून ३२०० च्या पट्टीची कमाल क्षमता सेकंदाला २५,६०० एमबी होते.

'सीएल' हा दुसरा आकडा विलंबाचा असतो. सीएलला २००० ने गुणून वेगाने भागले की विलंब नॅनोसेकंदांत मिळतो. ३२०० वेग व सीएल १६ असल्यास विलंब १० नॅनोसेकंद येतो. ६००० वेग व सीएल ३६ असल्यास तो १२ येतो, तर सीएल ३० असल्यास पुन्हा १०. केवळ मोठा आकडा पाहून पैसे मोजू नयेत. दोन्ही आकडे एकत्र वाचावेत.

जोडी लावणे

बहुतेक मदरबोर्डवर रॅमसाठी दोन मार्ग असतात. १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ८ जीबीच्या दोन समान पट्ट्या घेतल्यास दोन्ही मार्ग वापरले जातात. चार खाचा असतील, तर दोन पट्ट्या साधारणतः प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या व चौथ्या खाचेत लावतात. तरी मदरबोर्डची पुस्तिका पाहूनच खात्री करावी. निरनिराळ्या वेगाच्या पट्ट्या एकत्र लावल्यास सर्व पट्ट्या सर्वांत मंद पट्टीच्या वेगाने चालतात. डीडीआर-५ मध्ये चारही खाचा भरल्यास वेग बराच उतरवावा लागतो. म्हणून एकाच संचातील दोन पट्ट्या घेणे श्रेयस्कर.

पट्टी लावण्यापूर्वी संगणक बंद करून वीजजोडणी काढावी. धातूच्या वस्तूस स्पर्श करून अंगावरील स्थिर वीज उतरवावी. पट्टी कडेने धरावी आणि कळ बसल्याचा आवाज येईपर्यंत समान दाब द्यावा. डीडीआर-५ प्रथम लावल्यावर काही मिनिटे पडदा काळाच राहू शकतो. त्या वेळात संगणक रॅमशी जुळवून घेत असतो. घाबरून वीज तोडू नये.

वेग कार्यान्वित करणे व तपासणी

६००० ची पट्टी लावली म्हणजे संगणक आपोआप त्या वेगाने चालतो, असा समज आढळतो. प्रत्यक्षात तो आरंभी ४८०० सारखा सुरक्षित वेग घेतो. संगणक सुरू होताना 'डिलीट' किंवा 'एफ-२' कळ दाबून बायोसमध्ये जावे आणि 'एक्सएमपी' अथवा 'एक्स्पो' ही नोंद चालू करावी. हा वेग पुष्कळदा प्रोसेसरच्या अधिकृत मर्यादेबाहेरचा असतो. म्हणून त्यानंतर मेमटेस्ट-८६ सारख्या कार्यक्रमाने रॅमची संपूर्ण तपासणी करावी. एकही दोष दिसल्यास वेग एक पायरी खाली आणावा.

ही तपासणी पुष्कळ जण टाळतात. सदोष रॅम संगणक बंद पाडते, तेव्हा दोष निदान लक्षात तरी येतो. परंतु कित्येकदा ती काही न कळविता एखादा आकडा बदलते आणि तोच चुकीचा आकडा जतन होतो. नक्षीत चुकीचा रंग उमटला, तर कापड वाया जाते. गावाच्या नोंदवहीत आकडा चुकला, तर एखाद्या कुटुंबाचा हक्क अडतो. नक्षीकाराच्या आणि नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाच्या संगणकाला म्हणूनच वेगाआधी खात्री हवी.

गुजरातमधील साणंद येथे मायक्रॉन कंपनीच्या मेमरी जुळणी व चाचणी प्रकल्पाची घोषणा जून २०२३ मध्ये झाली व त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पायाभरणी झाली. रॅमचा उद्योग आता सुरतेच्याच राज्यात आला आहे. रॅम कोठेही बनो, ती घेणाऱ्याने मागणीपत्रात पिढी, क्षमता, पट्ट्यांची संख्या, वेग व सीएल या पाच गोष्टी मदरबोर्डच्या क्रमांकासह स्पष्ट लिहाव्यात. नंदुरबारच्या शाळेत असो वा उधन्याच्या गाळ्यात, एवढी दक्षता घेतल्यास खर्च वाया जाणार नाही आणि जुन्या संगणकाकडूनही अनेक वर्षे चांगले काम घेता येईल.