गायनशाळेतील कुटुंबवास
(मंडळ्यांतील प्रचारक, शिक्षक व कुटुंबप्रमुख यांच्याकरिता अभ्यासपाठ)

शास्त्रभाग: १ इतिहास २५:१-८, नहेम्या १३:१०-१२, प्रेषितांची कृत्ये ६:१-६.

पाठाचे सार: देवाच्या स्तवनाची कला शिकावयास जेव्हा सगळे कुटुंब जाते, तेव्हा त्यातील प्रत्येक जण विद्यार्थी होय. एकाने गावे आणि दुसऱ्याने त्याच्यासाठी केवळ राबावे, असा प्रभूच्या घरचा क्रम नाही.

कीर्तन, भजन व शास्त्रातील कथांवरील नाटके ही आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांची जुनी साधने आहेत. ज्यास पुस्तक वाचता येत नाही त्यासही टाळाच्या ठेक्यावर योसेफाची कथा समजते. ही कला शिकविण्यासाठी कोठे सुगीनंतर भजनाचा वर्ग भरतो, कोठे नाताळापूर्वी महिनाभर तालीम चालते, कोठे कीर्तनशाळेत बिऱ्हाडे येऊन राहतात. अशा ठिकाणी निरनिराळ्या गावांची कुटुंबे एका आवारात, एका पाणवठ्यावर नांदू लागली म्हणजे पहिली अडचण बहुधा स्वरतालाची नसते. पाणी कोणी भरावे, तान्हे मूल कोणी सांभाळावे, मुख्य पात्र कोणास मिळावे, धान्याचा हिशोब कोणी ठेवावा, येथे अडचण उभी राहते. म्हणून गाण्याच्या शिक्षणाइतकाच ह्या सहवासाचाही विचार केला पाहिजे.

१. आसाफाचे घराणे

दावीद राजाने मंदिरातील गायनाची व्यवस्था केली, तेव्हा ती सुट्या गवयांवर न सोपविता आसाफ, हेमान व यदूथून ह्या तीन घराण्यांवर सोपविली. मुलगे आपल्या बापाच्या हाताखाली झांजा, सतार व वीणा वाजवीत. हेमानास चौदा मुलगे व तीन मुली होत्या, असे तेथे नमूद आहे. ज्या अध्यायात गवयांची मोजदाद चालली आहे, त्यात त्या तीन मुलींची आठवण ठेवली आहे, हे वाचकाने विसरू नये.

निष्णात गवयांची संख्या २८८ होती. बारा-बारांचे चोवीस वर्ग पाडिले आणि पाळ्या चिठ्ठ्या टाकून ठरविल्या. त्यात लहान-थोर, गुरू-शिष्य असा भेद केला नाही. ज्याचा गळा गोड त्यास सणाचा दिवस आणि ज्याचा साधा त्यास आडदिवस, अशी वाटणी झाली असती तर घराण्याघराण्यांत कलह माजला असता. चिठ्ठीने तो कलह उगवण्यापूर्वीच मिटविला.

आणखी एक गोष्ट. पुढे मंदिर पडले, लोक बाबेलास गेले, गाण्याचे ठिकाणच उरले नाही. तरी परत आलेल्यांच्या यादीत आसाफाचे १२८ वंशज गवई म्हणून मोजले आहेत (एज्रा २:४१). इतकी वर्षे मंदिरावाचून ही विद्या कोठे जगली? घरात जगली, असेच म्हणावे लागते. आपल्या भाषेत गवयांच्या परंपरेस 'घराणे' म्हणतात, तो शब्द येथे अक्षरशः खरा ठरतो.

२. झीलकऱ्याचे काम

कीर्तनाची रचना आपणांस ठाऊक आहे. कीर्तनकार पुढे उभा राहतो; मागे पेटी, तबला व टाळ घेऊन झीलकरी असतात. पूर्वरंगात विषयाचे निरूपण होते, मध्ये भजन होते, उत्तररंगात आख्यान लागते. कीर्तनकाराने ध्रुपद सोडले की झीलकरी ते उचलतात, आणि तेवढ्या वेळात त्यास श्वास घेण्यास व पुढील ओवी आठवण्यास अवकाश मिळतो. झीलकऱ्याचा आवाज कितीही चांगला असो, तो पुढे धावला तर कीर्तन बिघडते. मागे रेंगाळला तरीही बिघडते. त्याची सर्व कला ऐकण्यात आहे.

ख्रिस्ती कीर्तनाचा पाया एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अहमदनगर मिशनातील कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी घातला. त्यांचे नाव आपण आदराने घेतो. पण त्यांच्यामागे उभे राहून टाळ धरणाऱ्यांची नावे आपल्यापैकी कितीजणांस सांगता येतील? गायनशाळेत राहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने प्रथम झीलकऱ्याचा धडा घ्यावा. जो दुसऱ्याचा स्वर ऐकावयास शिकला, तो शेजारच्या खोलीतील आजारी मुलाचे रडणेही ऐकतो.

३. नाशिकातील दोन उदाहरणे

नाशिक शहरात शरणपूर रोड हे नाव आजही सर्वांच्या तोंडी आहे. चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम प्राइस यांनी १८५४ च्या सुमारास तेथे ख्रिस्ती कुटुंबांचे गाव वसविले. मंदिर, शाळा व कारखाना ही एकमेकांलगत होती. मुले सुतारकाम व लोहारकाम शिकत आणि सकाळ-संध्याकाळ एकत्र उपासना करीत. १८६० पासून गुलामांच्या गलबतांतून सोडविलेली आफ्रिकन मुलेही येथे आणली गेली. त्यांची भाषा निराळी, आईबापांचा पत्ता नाही. त्यांस हेच गाव घर झाले.

ह्या सहवासातून काय निपजले ते पाहा. नाशिकास शिकलेला जेकब वेनराइट नावाचा तरुण पुढे डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या तुकडीत गेला. १८७३ साली लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या अंतर्भागात मरण पावले. जवळ पाळक नव्हता. तेव्हा त्यांचे हृदय झाडाखाली पुरताना प्रेतसंस्काराची उपासना वेनराइटने वाचली व झाडावर लेखही त्यानेच कोरला. सोबत्यांनी देह महिनोगणती वाहून किनाऱ्यास पोहोचविला. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफन झाले, तेव्हा शवपेटीस हात लावणाऱ्यांत वेनराइट होता. शरणपुरात रोज ऐकलेली उपासना आणि रोज केलेले हातकाम ही दोन्ही त्या अरण्यात उपयोगी पडली. तेथे कोणी प्रेक्षक नव्हता.

दुसरे उदाहरण आमच्या मंडळीबाहेरचे आहे. पण चांगले जेथे असेल तेथून घेण्यास हरकत नाही. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिले व १९०८ साली मुंबईस त्याची शाखा काढिली. शिष्य गुरूजवळच राहत, त्यांचे अन्नवस्त्रही तेथेच चाले. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत त्यांनी नाशिकास रामनाम आधाराश्रम चालविला. १९३१ साली ते निवर्तले, तेव्हा त्यांचा मुलगा दत्तात्रेय दहा वर्षांचा होता. त्या मुलास पुढे कोणी शिकविले? विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास अशा वडिलांच्या शिष्यांनी. दत्तात्रेय विष्णु पलुस्कर यांचे गायन महाराष्ट्राने ऐकले, ते ह्या सहवासाच्या ऋणफेडीचे फळ होय.

४. टिळकांचे घर

आमच्या मंडळ्यांत गायनाचे सर्वांत मोठे घर रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे. त्यांची भजने रविवारी गावोगाव गाइली जातात. परंतु त्या घराचा विचार करताना लक्ष्मीबाईंस बाजूस ठेवून चालणार नाही.

लक्ष्मीबाई नाशिकजवळच्या जलालपूरच्या. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांचा बाप्तिस्मा झाला आणि पतिपत्नींची काही वर्षे ताटातूट झाली. पुढे त्या अहमदनगरास (आताचे अहिल्यानगर) आल्या, तेव्हा प्रथम त्यांची चूल वेगळी व पाणी वेगळे होते. जातीचा विचार मनातून हळूहळू गेला आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पाणी व चूल ह्या गोष्टी सहवासात किती खोल जातात हे त्यांच्या चरित्रावरून समजते. आज आपल्या एकत्र वर्गांतही अमक्या वस्तीची कुटुंबे एका ओळीत व तमक्या वस्तीची दुसऱ्या ओळीत बसतात की काय, हे प्रचारकाने डोळे उघडून पाहावे. तसे असेल तर एका सुरात गाइलेले भजन तेथे अपुरे राहिले.

टिळकांच्या घरी अनाथ मुले येत, पाहुणे येत, कवी येत. बालकवी ठोमरे त्यांच्याकडे घरच्या मुलासारखे राहिले. टिळक हाती येईल ते देऊन टाकीत आणि इतक्या माणसांस जेवू घालण्याचा भार लक्ष्मीबाईंवर पडे. हे सर्व त्यांनी स्मृतिचित्रांत हसतहसत लिहिले आहे. परंतु तो विनोद वाचताना रिकाम्या डब्यांचा विसर पडू नये.

तरीही ते घर शाळा ठरले, कारण लक्ष्मीबाई तेथे केवळ स्वयंपाकीण राहिल्या नाहीत. ज्यांस लहानपणी शाळा मिळाली नव्हती, त्या ह्याच घरात कविता करू लागल्या. टिळकांनी आरंभिलेले ख्रिस्तायन हे मोठे काव्य १९१९ साली त्यांच्या निधनाने अपुरे राहिले. त्यातील बहुतेक अध्याय लक्ष्मीबाईंनी रचिले आणि ते पूर्ण करण्यास पुत्र देवदत्त यांचा हात लागला. पती, पत्नी व पुत्र असे तिघे एका ग्रंथात आहेत. आता कल्पना करा, 'तुम्ही चूल पाहा, कविता आम्ही पाहतो' असे म्हणून कोणी त्यांस थांबविले असते, तर ख्रिस्तायन आज कोठे असते? आमच्या वर्गांत पातेली घासणाऱ्या भगिनींत अशी कोणी नसेल, असे आपण कशावरून म्हणतो?

५. एका गावाचे नाटक

जर्मनीतील बव्हेरिया प्रांतात ओबरआमरगाउ नावाचे खेडे आहे. १६३३ साली प्लेगातून वाचण्यासाठी तेथील लोकांनी नवस केला की, प्रभूच्या दुःखसहनाचे नाटक आम्ही नेमाने करू. पहिला प्रयोग १६३४ साली झाला. आता तो साधारणपणे दहा वर्षांनी होतो. २०२० चा प्रयोग करोनाच्या साथीमुळे २०२२ साली झाला. पात्रे बाहेरून आणीत नाहीत. जो तेथे जन्मला किंवा वीस वर्षे राहिला, त्यासच भाग मिळतो. आजोबा, मुलगा व नातू एकाच रंगभूमीवर उभे राहतात.

तथापि अशा गावातही विवाहित स्त्रिया व पस्तीस वर्षांवरील स्त्रिया यांस नाटकात भाग नव्हता. १९९० साली न्यायालयाच्या निकालाने ती बंदी उठली. म्हणजे साडेतीनशे वर्षे जे गावाचे नाटक म्हणविले, त्यात गावातील आयांस जागा नव्हती. ज्या नाटकात क्रूसापाशी उभी असलेली आई दाखवावयाची, त्यातच असे घडले! दुसऱ्यांस दोष देण्यासाठी आम्ही हे सांगत नाही. चांगल्या हेतूने चाललेल्या कामातही वगळलेली माणसे कशी दिसेनाशी होतात, हे त्यावरून कळते.

६. धान्याची कोठी

नहेम्या परत आला तेव्हा मंदिरात गाणे बंद होते. गवई आळशी झाले होते काय? नाही, त्यांचा वाटा त्यांस मिळत नव्हता, म्हणून ते आपापल्या शेतांवर निघून गेले होते. नहेम्याने गवयांची कानउघाडणी न करता अधिकाऱ्यांची केली. मग दशमांश कोठारात आला व गवई आपल्या जागी उभे राहिले. कलेवर प्रीती आहे तेवढ्याने पोट भरत नाही. पलुस्करांसारख्या थोर पुरुषाच्या मुंबईतील विद्यालयाची इमारतही कर्जापायी लिलावात गेली. म्हणून कुटुंबांस बोलाविण्यापूर्वी मंडळीने कोठी पाहावी. महिनाभर मजुरी बुडाली तर त्या घरी काय शिजेल, हे विचारल्यावाचून कोणास 'सेवेस या' म्हणू नये.

पहिल्या मंडळीतही रोजच्या वाटणीवरून कुरकुर झाली. ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होत होते. प्रेषितांनी त्या कुरकुरीस अविश्वास म्हटले नाही. त्यांनी ती खरी मानिली आणि सात विश्वासू माणसे नेमिली.

७. वर्गाकरिता काही सूचना

(अ) पाणी, चूल व झाडलोट यांच्या पाळ्या पहिल्या दिवशी चिठ्ठ्या टाकून ठरवाव्या. चिठ्ठीत पुरुषांची नावे असावी. वर्ग चालविणाऱ्या शिक्षकाचेही असावे.

(आ) तालमीच्या वेळी लहान मुले सांभाळण्यास रोज निराळी दोन माणसे असावी, म्हणजे कोणतीही आई सबंध महिना बाहेर बसणार नाही.

(इ) मुख्य पात्र किंवा मुख्य गायन सतत एकाच घराकडे देऊ नये. ज्यास येत नाही त्यास शिकविण्यासाठीच वर्ग आहे.

(ई) धान्य व पैसा यांचा हिशोब दर शनिवारी सर्वांसमोर वाचावा.

(उ) तंटा झाल्यास सूर्यास्तापूर्वी समेट करावा, ही प्रेषिताची शिकवण पाळावी. समेट न करिता दोघांनी शेजारी उभे राहून भजन म्हणू नये.

(ऊ) कार्यक्रमाच्या अखेरीस आभार मानताना गाणाऱ्यांबरोबर रांधणाऱ्यांचीही नावे घ्यावी.

मंडळीत विचारावयाचे प्रश्न

१. दावीदाने चिठ्ठ्या टाकून पाळ्या का ठरविल्या असतील? आपल्या भजनमंडळात पाळ्या कशा ठरतात?
२. मागल्या नाताळच्या तयारीत गाण्यास एकदाही न बसलेली अशी कोणती माणसे होती? ती त्या वेळी कोठे होती?
३. नहेम्याने दोष कोणास दिला? आपण सहसा कोणास देतो?
४. आपल्या घरातील कोणास शिकण्याची इच्छा असून आजवर संधी मिळाली नाही?

प्रचारकाने हा पाठ सायंकाळच्या सभेत, स्त्रियांची कामे आटोपल्यानंतर घ्यावा. कामे आटोपली नसतील तर प्रथम सर्वांनी मिळून ती आटोपावी, आणि मग पाठास आरंभ करावा.