बीजदोषाला मौन: वंशागत मज्जातंतूविकारांतील नवी चिकित्सा

चरकाचार्यांनी बीज, बीजभाग व बीजभागावयव यांच्या दुष्टीचा विचार शारीरस्थानात केला आहे. सुश्रुताचार्यांनी शुक्रशोणितदोषजन्य व्याधींना आदिबलप्रवृत्त म्हटले. हेतू बीजातच असल्याने येथे निदानपरिवर्जन संभवत नाही, म्हणून आपण बहुधा यापनावरच थांबतो. बीजदोष तसाच ठेवून त्याचे कार्य रोखता येईल काय, या प्रश्नाला आता काही व्याधींपुरते उत्तर मिळाले आहे.

जनुकातील आदेश आरएनएवर उतरतो व त्यावरून प्रथिन घडते. त्या आरएनएशी जुळणारा लघुखंड पेशीत पोहोचविल्यास पेशीचीच यंत्रणा तो संदेश कापून टाकते. फायर व मेलो यांनी १९९८ मध्ये सूक्ष्म कृमींत ही क्रिया दाखविली. २००६ मध्ये त्यांना नोबेल मिळाले.

पहिले यश ट्रान्सथायरेटिन अमायलॉइडोसिसमध्ये आले. मुख्यत्वे यकृतात बनणारे हे प्रथिन सदोष झाल्यास मज्जातंतूंत व हृदयात साचते. पायांपासून चढणारी सुप्ती व दाह, कधी अतिसार तर कधी मलावष्टंभ, उठताना भोवळ, ही लक्षणे दिसतात. पॅटिसिरानला अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली. २२५ रुग्णांच्या चाचणीत १८ महिन्यांनी मज्जातंतूक्षतीचा निर्देशांक सुधारलेले रुग्ण ५६ टक्के होते, औषधविरहित गटात केवळ ४ टक्के. हेच प्रथिन अ जीवनसत्त्वाच्या वहनातही भाग घेते. म्हणून या रुग्णांना ते पूरक द्यावे लागते.

यकृत असा लघुखंड सहज स्वीकारते. स्नायू व मेंदू तितके सहज नाहीत. एसओडी-१ दोषाच्या एएलएसमध्ये टोफर्सेन (मान्यता २०२३) कटिवेधाने द्यावे लागते. हंटिंग्टनच्या रोगात टॉमिनर्सेनची मोठी चाचणी २०२१ मध्ये थांबवावी लागली. तेव्हा सरसकट आशा दाखवू नये. शिवाय हे मौन तात्पुरते असते, मात्रा पुनःपुन्हा द्यावी लागते.

आपल्या चिकित्सालयात याचे महत्त्व वेगळे आहे. पादसुप्तीच्या रुग्णाची रक्तशर्करा प्राकृत असेल, हृदयविकार वा दोन्ही मनगटांत कार्पल टनेल असेल, आणि कुलवृत्तात असाच कोणी असेल, तर वातव्याधी समजून बस्तिक्रमात महिने घालवू नयेत. स्नेहन-स्वेदन सुखकर खरे, परंतु साचणारे प्रथिन त्याने थांबत नाही, आणि नष्ट झालेला मज्जातंतू फारसा परतत नाही. अशा रुग्णास मज्जाविकारतज्ज्ञाकडे पाठवून जनुकीय तपासणी करवून घ्यावी.

औषधनिर्मात्या बंधूंसही एक विनंती. ‘जनुकशोधक’ अशी अक्षरे वेष्टनावर छापण्याचा मोह टाळावा. आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या १९५४ च्या कायद्याच्या अनुसूचीत पक्षाघाताचा स्पष्ट समावेश आहे.