निरोपाचें स्वातंत्र्य

गेल्या सत्रांत सातवीच्या वर्गांत नागरिकशास्त्राच्या तासाला संविधानाचें एकोणिसावें कलम शिकवीत असतां मागच्या बाकावरील एका मुलानें मला प्रश्न विचारला. त्याच्या वडिलांची चाकणला खानावळ आहे. तो म्हणाला, "सर, बाबा सांगतात कीं, एकदां सरकारनें चाकणचें इंटरनेटच बंद ठेवलें होतें. मग त्या दिवशीं हें कलम सुटीवर गेलें होतें काय?" वर्ग हंसला. मीही हंसलों, आणि घंटा होईपर्यंत जें सुचलें तें उत्तर दिलें. तें अपुरें होतें हें घरीं जातांना बसमध्येंच माझ्या ध्यानांत आलें. पुढील मजकूर म्हणजे त्या मुलाला द्यावयाचें राहिलेलें उत्तर होय. पालकांनींही तो वाचावा अशी विनंती आहे, कारण त्यांत एक कबुली आहे व ती त्यांच्याशीं संबंधित आहे.

ज्या घटनेविषयीं तो बोलत होता ती २०१८ सालची. मराठा आरक्षणाच्या मागणीसाठीं त्या वर्षीं राज्यभर आंदोलन चाललें होतें. ३० जुलै रोजीं चाकण येथें त्याला हिंसक वळण लागलें. पुणें-नाशिक महामार्ग अडविला गेला, बसगाड्या व खाजगी वाहनें जाळण्यांत आलीं, पोलीस जखमी झाले आणि गांवांत जमावबंदी पुकारण्यांत आली. (हिंसा आंदोलकांनीं केली कीं बाहेरून घुसलेल्यांनीं, यावर तेव्हां पुष्कळ वाद झाला, त्यांत मी शिरत नाहीं.) त्यानंतर दहा दिवसांनीं, ९ ऑगस्टला, राज्यांत बंद पुकारण्यांत आला. मागील प्रकार पुन्हां घडूं नये म्हणून पुणें जिल्ह्यांतील खेड, मावळ, जुन्नर, शिरूर यांसह सात तालुक्यांत इंटरनेट बंद ठेवण्यांत आलें. चाकण खेड तालुक्यांत मोडतें, म्हणून चाकणही बंद.

आतां इंटरनेट बंद म्हणजे नक्की काय बंद होतें हें पाहूं. चाकणच्या औद्योगिक वसाहतींत मोटारी व मोटारींचे सुटे भाग करणारे कारखाने आहेत. तेथें मराठवाडा, विदर्भ, बिहार, उत्तर प्रदेश येथून आलेले कामगार एकेका खोलींत चौघे-पांचजण राहतात. त्यांतील कंत्राटी कामगारांस उद्यां पहिली पाळी कीं दुसरी हें मुकादमाच्या मोबाइलवरील निरोपानें कळतें. घरीं पैसे पाठवावयाचे ते मोबाइलवरूनच. चाकणची कांद्याची बाजारपेठ प्रसिद्ध आहे. आवक किती झाली व भाव काय निघाला हें शेतकरी गाडी भरण्यापूर्वीं मोबाइलवर पाहतो. हीं सर्व माणसें त्या दिवशीं घरांत निमूट बसलेलीं होतीं. कोणाच्या बसगाडीला त्यांनीं हात लावलेला नव्हता. शिवाय २०१८ सालीं पुष्कळांच्या खिशांत अजून नोटा असत. आज तसाच हुकूम निघाला तर खानावळींत जेवून उठलेल्या गिऱ्हाइकास पैसे कसे द्यावे हा प्रश्न पडेल, आणि त्या मुलाच्या वडिलांस वही काढून उधारी मांडावी लागेल.

बंद करण्याची क्रिया मात्र सोपी आहे. मोबाइलच्या मनोऱ्यावरून आपलें बोलणें व इंटरनेटचा मजकूर हे दोन निरनिराळ्या व्यवस्थांनीं वाहत असतात. हुकूम मिळाला म्हणजे कंपनीचे लोक दूरच्या एका दालनांत बसून, ठराविक मनोऱ्यांपुरती दुसरी वाट अडवितात. मनोऱ्यावर कोणाला चढावें लागत नाहीं. परंतु हुकुमांत लिहिलेला असतो तालुका, आणि लहरीला तालुका कळत नाहीं. मोशीच्या बाजूस इंद्रायणीच्या अलीकडे हवेली तालुका, पलीकडे खेड. नदीकांठच्या माणसाचा मोबाइल अलीकडच्या मनोऱ्याला चिकटला तर चालूं, पलीकडच्या मनोऱ्याला चिकटला तर बंद! मुलांनो, नकाशावरील रेघ व प्रत्यक्ष भूमि यांतील अंतर भूगोलाच्या तासाला तुम्हांस समजत नसेल तर हें उदाहरण लक्षांत ठेवा.

आतां कलमाकडे वळूं. एकोणिसाव्या कलमानें प्रत्येक नागरिकास भाषणाचें व विचारप्रकटनाचें स्वातंत्र्य दिलें आहे, आणि त्याच कलमाच्या दुसऱ्या उपकलमानें त्यावर वाजवी निर्बंध घालण्याची मुभा राज्यास दिली आहे. सार्वजनिक सुव्यवस्था हें अशा निर्बंधाचें एक कारण म्हणून तेथें नमूद आहे. म्हणजे कलम सुटीवर नव्हतें. त्याचा दुसरा भाग कामावर होता. खरा प्रश्न आहे तो 'वाजवी' या एका शब्दाचा, आणि तो शब्द तोलण्याचा तराजू कोणाच्या हातीं असावा याचा.

पूर्वीं असे हुकूम जिल्ह्याचे दंडाधिकारी जमावबंदीच्या, म्हणजे १४४ व्या, कलमाखालीं काढीत. ऑगस्ट २०१७ मध्यें केंद्र सरकारनें त्यासाठीं स्वतंत्र नियम केले. ते केले तरी कोणत्या कायद्याखालीं? तर १८८५ सालच्या तारायंत्राच्या कायद्याखालीं! ठिपके व रेघा यांनीं निरोप धाडणाऱ्या तारेसाठीं इंग्रजांनीं केलेल्या कायद्यानें खेड तालुक्यांतील मोबाइल बंद करतां आले. या नियमांप्रमाणें हुकूम काढण्याचा अधिकार केंद्राच्या अथवा राज्याच्या गृहसचिवाचा. हुकुमांत कारणें लिहिलीं पाहिजेत. आणि तो हुकूम कायद्याला धरून आहे कीं नाहीं हें एका समितीनें पांच दिवसांत पाहिलें पाहिजे. राज्याच्या समितींत मुख्य सचिव व आणखी दोन सचिव. हुकूम काढणारे सरकारी अधिकारी आणि तो तपासणारेही सरकारी अधिकारीच, बाहेरचा कोणी नाहीं, ही गोष्ट मला उणी वाटते. शाळेंतही आम्ही ज्यानें पेपर काढला त्याच्याच घरीं उत्तरपत्रिकांची फेरतपासणी ठेवीत नाहीं.

त्याहून मोठी उणीव अशी कीं, हुकूम लोकांस दाखविलाच पाहिजे असें २०१७ च्या नियमांत कोठेंही लिहिलेलें नव्हतें. त्या मुलाच्या वडिलांस हुकूम कळला तो मोबाइल बंद पडल्यावर. ही उणीव काश्मीरच्या खटल्यांत दूर झाली. तेथें ऑगस्ट २०१९ पासून इंटरनेट बंद होतें. त्या प्रकरणीं १० जानेवारी २०२० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, इंटरनेटच्या द्वारें बोलणें व त्याच्या द्वारें व्यवसाय करणें या दोहोंस एकोणिसाव्या कलमाचें संरक्षण आहे. अनिश्चित काळापर्यंत तें बंद ठेवतां येत नाहीं. आणि असा प्रत्येक हुकूम प्रसिद्ध झालाच पाहिजे, म्हणजे ज्याला तो जाचतो त्याला न्यायालयांत जातां येईल. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत एका हुकुमास १५ दिवसांची मर्यादा घालण्यांत आली. पुढें २०२३ चा दूरसंचार कायदा झाला, व त्याखालीं नोव्हेंबर २०२४ मध्यें जे नवे नियम आले त्यांत हुकूम प्रसिद्ध करण्याची अट व १५ दिवसांची मर्यादा हीं दोन्ही आहेत. तेव्हां आज चाकणला असा प्रसंग आला तर खानावळवाल्यास, "हुकूम कोठें आहे? त्यांत कारण काय लिहिलें आहे?" असें विचारण्याचा अधिकार आहे. हुकूम वाचून इंटरनेट परत येत नाहीं हें खरें, परंतु जें लिहून प्रसिद्ध करावें लागतें तें लिहितांना लिहिणारा एकदां थांबतो.

सत्तेनें लोकांचें बोलणें अडवावें ही गोष्ट आपल्या भागाला नवी नाहीं. चिंचवडला चापेकरांचा वाडा तुम्हीं पाहिला असेल. १८९७ सालीं पुण्यांत प्लेग पसरला असतां घरोघर सैनिक शिरून तपासणी करीत, त्यामुळें लोकांत मोठा संताप होता. २२ जूनच्या रात्रीं प्लेग कमिशनर रँड व त्याच्या मागच्या गाडींतील एयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडण्यांत आल्या. त्या कृत्याचें समर्थन मी करणार नाहीं. मला सांगावयाचें आहे तें पुढचें. त्याच वर्षीं 'केसरी'तील मजकुराबद्दल लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला होऊन त्यांस १८ महिन्यांची शिक्षा झाली. खटला अन्यायाचा असेल. तरी त्यांत आरोपी कोण, कोणत्या मजकुराबद्दल, हें लिहावें लागलें, वकील उभे राहिले, साक्षी झाल्या. आणि टिळक तुरुंगांत असतां बाकीचें पुणें पत्रें लिहीत होतें, तारा करीत होतें. २०१८ च्या बंदींत आरोपी कोणीच नव्हता, शिक्षा मात्र सात तालुक्यांस झाली. एकाचें तोंड बांधण्यापेक्षां सर्वांचे कान बांधणें आज सोपें झालें आहे, आणि तें यंत्रानें सोपें केलें आहे. म्हणूनच पूर्वींपेक्षां अधिक जपावें लागतें.

एकेकट्या माणसास पकडण्याची रीतही अजून गेलेली नाहीं. नोव्हेंबर २०१२ मध्यें बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली, त्याविषयीं फेसबुकवर चार ओळी लिहिणाऱ्या पालघरच्या एका तरुणीस, व त्या ओळी आवडल्या एवढेंच दर्शविणाऱ्या तिच्या मैत्रिणीस, अटक झाली होती. माहिती तंत्रज्ञान कायद्याचें ज्या कलमाखालीं असे खटले होत तें '६६ अ' कलम सर्वोच्च न्यायालयानें २४ मार्च २०१५ रोजीं रद्द केलें.

येथवर सगळा दोष सरकारकडे दिला, आणि तसें लिहिणें शिक्षकाला सोपें जातें. परंतु हुकूम काढणाऱ्याच्या मनांत जी भीति असते ती सर्वस्वीं खोटी नसते. ती भीति मीं स्वतः एकदां पुरविली आहे, ती हकीकत अशी.

२०१८ च्याच जून महिन्यांत, शाळा नुकतीच सुरू झाली असतां, माझ्या मोबाइलवर एक निरोप आला : मुलें पळविणारी टोळी आपल्या भागांत आली आहे, वेष फेरीवाल्यांचा आहे, सर्व पालकांस कळवा. सोबत एक छायाचित्र. पाठविणारे गृहस्थ माझ्या ओळखीचे व भले. मीं फारसा विचार न करतां तो निरोप वर्गाच्या पालकांस पुढें पाठविला. वर "काळजी घ्यावी" असे दोन शब्द माझे. दुसऱ्या दिवशीं वर्गांत नऊ मुलें कमी होतीं. शाळेच्या दारासमोर एक म्हातारा फुगे विकीत असे. त्या सकाळीं पांच-सहा पालकांनीं त्याला घेरलें, त्याची पिशवी उपडी केली, आणि तो कोणत्या गांवचा हें नीट सांगूं शकला नाहीं म्हणून त्याला हांकलून दिलें. मारलें नाहीं. पालकांस विचारलें तेव्हां ते म्हणाले, "सर, तुम्हींच तर कळविलेंत." शिक्षकाच्या नांवानें आलेला निरोप म्हणून त्यांनीं तो खरा मानला होता.

त्यानंतर थोड्याच दिवसांनीं, १ जुलै रोजीं, धुळें जिल्ह्यांत साक्री तालुक्यांतील राईनपाडा येथें आठवड्याच्या बाजारांत भिक्षा मागण्यास आलेल्या पांच माणसांना जमावानें ठार मारलें. मंगळवेढ्याकडील नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे ते लोक होते. मुलें पळविणारे म्हणून संशय. ग्रामपंचायतीच्या खोलींत कोंडून मारलें. तें वर्तमानपत्र हातांत धरून मी बराच वेळ बसलों होतों. माझ्या निरोपाचा व राईनपाड्याचा कांहीं संबंध नव्हता, परंतु निरोप जवळजवळ तोच होता, आणि तेथेंही तो कोणीतरी भल्या माणसानेंच काळजीपोटीं पुढें पाठविला असला पाहिजे.

त्याच जुलैंत व्हॉट्सॲप कंपनीनें भारतांत एक निरोप एका वेळीं पांचांहून अधिक ठिकाणीं पुढें धाडण्यास प्रतिबंध केला, आणि एप्रिल २०२० मध्यें फार फिरलेल्या निरोपासाठीं ती संख्या एकवर आणली. हाही निर्बंधच, परंतु त्यानें कोणाचें इंटरनेट गेलें नाहीं, कांदा विकणारा अडला नाहीं, फक्त अंगठ्याला प्रत्येक वेळीं थोडें अधिक काम पडलें. सर्वांचें तोंड बंद करणें व निरोपाचा वेग कमी करणें या दोन उपायांत मला दुसरा जवळचा वाटतो. शिवाय अफवेला इंटरनेट लागतेंच असें नाहीं. प्लेगच्या दिवसांत इस्पितळाविषयीं भलभलत्या कंड्या तोंडोतोंडीं पसरल्याच होत्या. उलट इंटरनेट बंद असतां अफवा खोटी आहे हें सांगणारा पोलिसांचा निरोपही वाटेंत अडकतो.

मागच्या बाकावरील त्या मुलाला हें सारें मीं दुसऱ्या आठवड्यांत वर्गांत सांगितलें. त्यानें विचारलें, "सर, मग त्या नऊ मुलांच्या घरीं तुम्हीं पुन्हां कळविलें काय, कीं निरोप खोटा होता म्हणून?" कळविलें होतें, तिसऱ्या दिवशीं. तो निरोप मात्र कोणीं पुढें पाठविला नाहीं. फुगेवाला दिवाळीनंतर पुन्हां दारासमोर दिसूं लागला, यावेळीं रस्त्याच्या पलीकडे. मीं त्याच्याकडून दोन फुगे घेतले. त्यानें मला ओळखलें नाहीं, आणि त्याला हांकलण्यांत माझा हात होता हें मींही त्याला सांगितलें नाहीं.