अंधारातली मोजणी, उजेडातली नोकरी

भूगोल किंवा भूशास्त्र घेतो म्हणणाऱ्या मुलाला घरात पहिला प्रश्न येतो तो, ‘म्हणजे पुढे मास्तरच ना?’ त्यात मुलाने ‘मला गुहांचे नकाशे करायचेत’ असं सांगितलं की आईच्या पोटात गोळा येतो आणि बाबा गुपचूप मोबाइलवर इंजिनिअरिंगचे कटऑफ बघू लागतात. त्यांना हसू नये. गुहांचे नकाशे करून पगार मिळेल अशी नोकरी भारतात जवळपास नाहीच, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. हे काम करणारे बहुतेक लोक हौशी आहेत, पदरमोड करून आत उतरतात. पण गुहेत घेतलेली मापं संगणकातल्या नकाशात नेमकी जागेवर आणून बसवणं ज्याला जमतं, त्याला खाण, बोगदा, भूजल आणि भूमापन या क्षेत्रांत काम आहे. मुलाची आवड आणि पालकांची काळजी यांची गाठ इथे पडते, म्हणून हा लेख.

आपल्याकडे गुहा म्हटलं की अजिंठा-वेरूळ. ती माणसाने छिन्नीने कोरलेली लेणी. सह्याद्रीचा काळा कातळ चुनखडीसारखा पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे पाण्याने पोखरलेल्या मैलोगणती गुहा महाराष्ट्रात नाहीत. त्या पाहायच्या तर मेघालयात जायला हवं. जयंतिया टेकड्यांमधली क्रेम लियात प्राह ही गुहा सुमारे ३१ किलोमीटर लांब आहे. २०१६ मध्ये मॉसिनरामच्या भागात सापडलेली क्रेम पुरी साडेचोवीस किलोमीटरची, तीही वालुकाश्मातली; या प्रकारच्या खडकात जगात एवढी लांब दुसरी गुहा माहीत नाही. शिलाँगच्या मेघालय ॲडव्हेंचरर्स असोसिएशनचे सदस्य आणि परदेशी गुहाभ्रमंतीवाले १९९२ पासून कोरड्या हंगामात मोहिमा काढून हे मोजत आले आहेत. यातली कुठलीही लांबी कोणी टेप घेऊन एका दमात मोजलेली नाही. वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या तुकड्यांनी केलेल्या मोजण्या एका संगणकीय साच्यात जोडल्यावर शेजारशेजारच्या दोन गुहांमध्ये थोडंच अंतर उरलंय असं दिसतं, मग पुढच्या हंगामात तिथे शोध घेतला जातो आणि दोनाची एक गुहा होते.

प्रत्यक्ष काम कसं चालतं ते पाहू, कारण मुलाला हे आवडेल की नाही याचा निकाल इथेच लागतो.

आत एक माणूस पुढे जातो आणि खडकावर एक ठळक बिंदू निवडतो. त्याला स्टेशन म्हणतात. मागच्या स्टेशनवरून त्या बिंदूपर्यंतचं अंतर, दिशा आणि चढ-उतार अशी तीन मापं घेतात. पूर्वी टेप, होकायंत्र आणि कोनमापक अशी तीन साधनं लागत. आता बरेच जण डिस्टोएक्स वापरतात. बाजारात मिळणारा लायकाचा लेसर अंतरमापक घेऊन स्वित्झर्लंडच्या बिआट हीब यांनी त्यात होकायंत्र, कोनमापक आणि ब्लूटूथ बसवलं. कळ दाबली की तिन्ही आकडे मोबाइलवरच्या टोपोड्रॉइड ॲपमध्ये उतरतात. शिवाय प्रत्येक स्टेशनपासून डावी भिंत, उजवी भिंत, छत आणि जमीन किती लांब तेही टिपतात, आणि एक जण चिखलाने माखलेल्या वहीत भिंतींची आकृती काढत असतो. हा वहीवाला बहुतेक वेळा तुकडीतला सर्वांत अनुभवी माणूस असतो.

आता एक माप घ्या. अंतर १० मीटर, दिशा ९० अंश म्हणजे सरळ पूर्व, चढ ३० अंश. दहावीची त्रिकोणमिती लावली की पुढचं स्टेशन ५ मीटर वर आणि ८.६६ मीटर पूर्वेला येतं. अशी शेकडो-हजारो मापं एकापुढे एक लावली की गुहेचा कणा तयार होतो. हे गणित सर्वेक्स नावाची मोफत प्रणाली करते. तिला साधी मजकुराची फाइल लागते: कुठून, कुठपर्यंत, अंतर, दिशा, चढ. सोबत तुकडीतली नावं, साधन आणि तारीख. तारीख टाकायचा मुलांना कंटाळा येतो, पण तिला काम आहे. होकायंत्र चुंबकीय उत्तर दाखवतं, नकाशाला भौगोलिक उत्तर हवं असतं, आणि या दोन्हींमधला फरक जागेप्रमाणे आणि वर्षाप्रमाणे बदलतो. तारीख आणि ठिकाण दिलं तर सर्वेक्स हा फरक स्वतः काढू शकते. मेघालयात तो एक अंशाच्याही आत आहे, म्हणून दुर्लक्ष केलं तरी फार बिघडत नाही. न्यूझीलंडमध्ये तो वीस अंशांहून जास्त आहे. तिथे दुर्लक्ष केलं तर अख्खी गुहा दुसऱ्याच डोंगराकडे वळते. एका अंशाची सततची चूकही एक किलोमीटरवर १७ मीटर भरते.

दुसरी गोष्ट क्लोजिंग एररची. फिरून पुन्हा पहिल्या स्टेशनवर आलात तर हिशेबाने तिथेच यायला हवं, पण कधीच येत नाही, थोडं अंतर उरतं. सर्वेक्स ते सगळ्या मापांवर वाटून देते. त्यामुळे नवशिक्याला वाटतं, झालं, प्रश्न मिटला. फरक चाळीस सेंटिमीटर असेल तर मिटला. बारा मीटर असेल तर तो वाटायचा नसतो, शोधायचा असतो. कोणीतरी दिशा उलट लिहिलेली असते, ५७ चे ७५ झालेले असतात, किंवा कपाळावरच्या दिव्याची बॅटरी होकायंत्राजवळ आलेली असते. लोखंडी काड्यांचा चष्मासुद्धा सुई हलवतो. म्हणूनच डिस्टोएक्स नेण्याआधी लोखंडापासून दूर, मोकळ्या जागी ५६ मापं घेऊन त्याचं कॅलिब्रेशन करतात. ते कंटाळवाणं आहे, आणि ज्याला ते न कुरकुरता करता येतं तो या क्षेत्रात टिकतो.

मग भिंती काढायची पाळी. थेरियन ही दुसरी मोफत प्रणाली कण्याभोवती भिंती, खडक, पाणी, उतार असं सगळं रेखाटू देते आणि नवी मापं आल्यावर कणा हलला तर भिंतीही त्याच्याबरोबर हलवते. तिथून हा नकाशा क्यूजीआयएस या मोफत जीआयएस (भौगोलिक माहिती) प्रणालीत आणायचा, म्हणजे गुहेच्या डोक्यावर गाव, ओढा, रस्ता, खाणीची हद्द, उपग्रहचित्र हे सगळं एकावर एक ठेवता येतं. सर्वेक्सची त्रिमितीय फाइल सरळ वाचणारी जोडणीही (प्लगइन) क्यूजीआयएसला मिळते.

आणि नेमकं इथे पोरं अडखळतात. गुहेत जीपीएस चालत नाही. फक्त तोंडाशी एक स्थान मिळतं आणि सगळी गुहा त्या एका बिंदूला टांगलेली असते. ते अक्षांश-रेखांशात असतं, आतली मापं मीटरमध्ये. म्हणून पृथ्वीचे पट्टे पाडून मीटरमध्ये स्थान सांगणाऱ्या यूटीएम पद्धतीच्या योग्य पट्ट्यात ते बदलून घ्यावं लागतं. मेघालयचा मोठा भाग ४६ उत्तर पट्ट्यात येतो. पुण्या-मुंबईची मुलं सवयीने ४३ टाकतात आणि मग गुहा सापडत नाही म्हणून अर्धा दिवस प्लगइनला शिव्या देतात. (नागपूरच्या मुलांना ही सवय नसते, कारण नागपूर ४४ मध्ये येतं. विदर्भ आणि पश्चिम महाराष्ट्र यांच्यातलं हे अंतर तरी कोणी नाकारू नये.) उंचीचा घोळ त्याहून फसवा. उपग्रहावरून मिळणारी उंची पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासून मोजलेली असू शकते, नकाशातली उंची समुद्रसपाटीपासून. भारतात बऱ्याच ठिकाणी दोन्हींत ५० मीटरहून जास्त फरक पडतो. तो न सुधारता गुहा डोंगराच्या प्रतिकृतीत घातली तर जिथून माणसं चालत आत गेली ते तोंडच जमिनीखाली पन्नास मीटरवर गाडलेलं दिसतं. प्रणाली कुठलीही चूक दाखवत नाही. ‘हे असं असूच शकत नाही’ हे माणसालाच वाटावं लागतं, आणि ते वाटणं सहा महिन्यांच्या क्लासमध्ये शिकवत नाहीत.

हे सगळं कशासाठी, असं पालक विचारतात तेव्हा मी २०१८ सालच्या दोन घटना सांगतो. जून-जुलैमध्ये थायलंडच्या थाम लुआंग गुहेत बारा मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक अडकले. हौशी गुहासंशोधकांनी आधी मोजून ठेवलेला नकाशा हाताशी होता. मुलं कुठे असू शकतील, डोंगर कुठे पोखरता येईल याचा विचार त्यावरून करता आला. तेराही जण जिवंत बाहेर आले. त्याच वर्षी १३ डिसेंबरला मेघालयात, पूर्व जयंतिया टेकड्यांमधल्या क्सान इथे, बेकायदा कोळसा खाणीत पाणी घुसून पंधरा कामगार अडकले. आतल्या उंदरांच्या बिळांसारख्या बोगद्यांचा भरवशाचा नकाशा कोणाकडेच नव्हता. पाणी कुठून येतंय, किती उपसायचं, सगळं चाचपडत. एकही जण वाचला नाही. दोन्ही ठिकाणी पुण्याच्या किर्लोस्कर ब्रदर्सचे पंपतज्ज्ञ मदतीला गेले होते.

आता नोकरीकडे. कायदेशीर खाणीत नकाशे ठेवणं बंधनकारक असतं आणि ते करायला खाण सुरक्षा महासंचालनालयाचं सक्षमता प्रमाणपत्र असलेला सर्वेक्षक लागतो. विदर्भातल्या कोळसा आणि मँगनीजच्या खाणींमुळे हा मार्ग आपल्या मुलांना घरापासून फार लांबचाही नाही. मेट्रोचे, रेल्वेचे, जलविद्युत प्रकल्पांचे बोगदे खोदताना तेच ट्रॅव्हर्स, म्हणजे स्टेशनमागून स्टेशन मापं जोडत जाणं, तीच क्लोजिंग एरर, फक्त साधन महागडं टोटल स्टेशन किंवा लेसर स्कॅनर. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेसारख्या ठिकाणी भूशास्त्र आणि जीआयएस दोन्ही येणारा माणूस उपयोगी पडतो. संशोधनात जायचं असेल तर तेही दार उघडं आहे. चेरापुंजीजवळच्या मॉमलूह गुहेतल्या चुनखडीच्या स्तंभावरून ४२०० वर्षांपूर्वीच्या अवर्षणाची खूण मिळाली आणि २०१८ मध्ये भूशास्त्रीय कालगणनेत ‘मेघालयन’ हे युग अधिकृत झालं. असा नमुना गुहेत नेमका कुठून उचलला हे सांगायला नकाशाच लागतो.

शिक्षणाच्या वाटा अनेक आहेत आणि सगळ्या महागड्या नाहीत. दहावीनंतर आयटीआयचा सर्वेक्षक ट्रेड दोन वर्षांचा. भूमी अभिलेख विभागाच्या भूकरमापक भरतीत तो किंवा स्थापत्यचा डिप्लोमा चालत आलेला आहे. जाहिरात निघेल तेव्हा पात्रता मात्र स्वतः वाचा, कोणाच्या फॉरवर्डवर विसंबू नका. बीएस्सी करायचं तर भूशास्त्र किंवा भूगोल, जोडीला सांख्यिकी आणि थोडी पायथन. त्यानंतर आयआयटी मुंबईच्या सीएसआरई केंद्रात जिओइन्फर्मेटिक्सचं एमटेक आहे, त्यासाठी गेट ही प्रवेशपरीक्षा. २०२२ पासून गेटमध्ये जिओमॅटिक्सचा स्वतंत्र पेपरही आहे. डेहराडूनची आयआयआरएस ही इस्रोची संस्था मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम चालवते. पैसे न भरता आवड तपासायची तर तिथून सुरुवात करावी.

नोकरीची हमी देणाऱ्या क्लासबद्दल माझं मत कडवट आहे. तिथे मुलाला बटणं शिकवतात आणि तो एखाद्या कंत्राटदाराकडे उपग्रहचित्रावर घरांच्या कडा गिरवत बसतो. पहिल्या वर्षी ते काम सगळ्यांनाच करावं लागतं, पगारही बेताचाच असतो, त्यात कमीपणा नाही. पण तिसऱ्या वर्षीही तेच चालू असेल तर मुलाला मोजणी येत नाही, फक्त प्रणाली येते, असं समजावं. २०२१ मध्ये केंद्राने नकाशे आणि भूस्थानिक माहितीवरचे निर्बंध सैल केले, तेव्हापासून खासगी कंपन्याही यात उतरल्या आहेत. त्यांना गिरवणारे हात स्वस्तात मिळतात. बारा मीटरची चूक वाटून न टाकता शोधणारा माणूस त्यांना मिळत नाही.

आईच्या पोटातल्या गोळ्याबद्दलही बोलायला हवं. गुहेत एकट्याने जायचं नाही, पावसाळ्यात तर मुळीच नाही, प्रत्येकाकडे हेल्मेट आणि तीन वेगळे दिवे, आणि बाहेर कोणाला तरी परतीची वेळ सांगून ठेवलेली. जाणत्या गटाबरोबर हे नियम पाळले जातात की नाही ते पालकांनी उघडपणे विचारावं. चांगला गट अशा प्रश्नाने दुखावत नाही. मुलांनीही एक पथ्य पाळावं. गुहेचं नेमकं स्थान सोशल मीडियावर टाकू नये. वटवाघळं असतात, पुरावशेष असतात, आणि रील करायला येणारी गर्दी पाठोपाठ येते.

सुरुवातीला मेघालयाचं तिकीट काढायचीही गरज नाही. सोसायटीची परवानगी घेऊन आपल्या इमारतीची मोजणी करावी: तळमजल्यावरून एका जिन्याने गच्चीवर, दुसऱ्या जिन्याने किंवा बाहेरच्या उताराने खाली, परत त्याच फरशीवर. टेप, साधं होकायंत्र, आणि शाळेच्या कंपासपेटीतल्या कोनमापकाला दोरा-वजन बांधून केलेलं चढमापक पुरेसं आहे. लिफ्टजवळ होकायंत्र नाचेल, तेही टिपून ठेवा. आकडे सर्वेक्समध्ये घाला, फरक किती उरला ते पाहा, तो कुठून आला याचं अर्धं पान मराठीत लिहा, आणि इमारत क्यूजीआयएसमध्ये उपग्रहचित्रावर बसवा. मुलाखतीला प्रमाणपत्रांच्या थप्पीबरोबर हे अर्धं पानही घेऊन जा.

लॅपटॉप कोणता घ्यायचा, हा प्रश्न प्रत्येक बाबा उठता उठता विचारतातच. या कामाला ८ जीबी रॅमचा साधा लॅपटॉप चालतो, वर सांगितलेल्या सगळ्या प्रणाली मोफत आहेत, आणि महागड्या ग्राफिक कार्डाचा खर्च लेसर स्कॅनची कोट्यवधी बिंदूंची फाइल हाताळायची वेळ येईपर्यंत थांबवता येतो.